सुटून आलेल्यांसाठी पुनर्वसन कार्यक्रम चालवायचाय? मग आधी स्टाफ आणि मदतीची व्यवस्था नीट लावा

तुरुंगातून सुटून आलेले, पॅरोलवरचे, प्रोबेशनवरचे (म्हणजे कोर्टाने देखरेखीखाली बाहेर ठेवलेले), किंवा कोर्टाने जेलमध्ये न पाठवता समाजात राहूनच शिक्षा पूर्ण करायला सांगितलेले, अशा लोकांसोबत काम करणारा कार्यक्रम ज्यांना सुरू करायचाय किंवा चालू आहे तो नीट बसवायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक ठिकाणी सुरुवातच सेवांच्या यादीपासून होते, काउन्सेलिंग आहे, नोकरीचं ट्रेनिंग आहे, व्यसनमुक्ती आहे, योगा पण आहे, आणि यादी जितकी लांब तितका कार्यक्रम भारी असं समजलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. यादीतल्या दहा सेवांपेक्षा एक असा कर्मचारी जास्त कामाचा, ज्याने त्या माणसाची जबाबदारी अंगावर घेतलीये, ज्याला त्याची केस, त्याचं घर, त्याचं व्यसन, त्याची भीती सगळं माहितीये आणि ज्याच्याकडे त्याला द्यायला खरोखर वेळ आहे. बाकी सगळ्या सेवा त्या कर्मचाऱ्याच्या हातून जोडल्या गेल्या तर चालतात, नाहीतर कागदावर राहतात.

प्रोबेशनचा उगमच असा एका माणसापासून झालाय. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा कारागीर कोर्टात एका दारुड्याला जामीन राहिला, त्याला तीन आठवड्यांनी परत कोर्टासमोर उभं केलं तेव्हा तो माणूस शुद्धीत आणि नीटनेटका होता. पुढे १८५९ मध्ये मरेपर्यंत ऑगस्टसने जवळपास दोन हजार लोकांसाठी हे केलं, पगार नाही, पद नाही. पण बघा त्याने काय काय केलं, आधी चौकशी करून कोणाची जबाबदारी घ्यायची ते ठरवायचा, राहायची सोय बघायचा, काम शोधून द्यायचा आणि कोर्टाला रिपोर्ट द्यायचा. आजही केस मॅनेजरचं, म्हणजे एकेका माणसाची जबाबदारी घेणाऱ्या कर्मचाऱ्याचं, काम साधारण हेच आहे.

कोणाला नेमायचं

पैसे कमी असतील (आणि ते कमीच असतात) तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी केस मॅनेजर. मग त्यांच्यावर देखरेख करणारा अनुभवी सुपरवायझर, तो अर्धवेळ असला तरी चालेल पण असलाच पाहिजे. मग पीअर मेंटॉर, म्हणजे जो स्वतः शिक्षा भोगून बाहेर आलाय आणि आता स्थिरावलाय असा माणूस. नोकरी आणि घरासाठी बाहेरच्या लोकांशी बोलणारा एकजण. मानसोपचार, व्यसनाचे उपचार, वकिली सल्ला ह्या गोष्टी स्वतः उभ्या करायच्या मागे लागू नका, जे आधीपासून ते काम करतायत त्यांच्याशी लेखी करार करा आणि करारात हे लिहून घ्या की आपण पाठवलेल्या माणसाला किती दिवसांत अपॉइंटमेंट मिळणार. हे लिहिलेलं नसेल तर आपला माणूस वेटिंग लिस्टमध्ये पडून राहतो, आणि तोपर्यंत तो कुठे गेला कोणाला कळत नाही.

इंटरव्ह्यूमध्ये डिग्री आणि अनुभव विचारून झाला की एक प्रसंग करून बघा. सांगा की समोरचा क्लायंट (म्हणजे कार्यक्रमात आलेला माणूस) अर्धा तास उशिरा आलाय, तोंडाला दारूचा वास आहे आणि म्हणतोय की तुम्ही पण सगळे तसलेच. आता बोला. दोन प्रकारचे उमेदवार लगेच लक्षात येतात. एकाला अधिकार गाजवायला आवडतं, तो पहिल्याच वाक्यात कोर्टात कळवीन म्हणतो. दुसऱ्याला सगळ्यांना वाचवायचंय, तो म्हणतो काही हरकत नाही, मी कोणाला सांगणार नाही. पहिल्यासमोर कोणी खरं बोलत नाही, आणि दुसरा काही महिन्यांत थकून जातो किंवा भलतीच वचनं देऊन बसतो. आपल्याला हवाय तो माणूस जो शांतपणे म्हणेल, तुम्ही आलात हे बरं झालं, पण आज अशा अवस्थेत आपलं सेशन होणार नाही, आता सुरक्षित घरी कसं जायचं ते आधी बघू आणि उद्या सकाळी ह्यावर बोलू, आणि हे मला फाईलमध्ये लिहावं लागेल. काळजी आणि कडकपणा एकाच वाक्यात. हे थोडंफार शिकवता येतं, पण मुळात माणसाबद्दल आदर नसेल तर ट्रेनिंगने येत नाही.

पोलीस रेकॉर्ड असलेल्या उमेदवाराला सरसकट नाही म्हणू नका. गुन्हा कोणता होता, किती वर्षं झाली, त्यानंतर काय केलं, आणि ज्या कामासाठी घेतोय त्याच्याशी त्या गुन्ह्याचा संबंध येतो का एवढं बघा. आपणच रेकॉर्ड बघून दार लावलं तर बाहेरच्या कंपन्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की आमच्या लोकांना नोकरी द्या.

पहिल्या भेटीत काय सांगायचं

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथेच बरंच काही ठरतं. केस मॅनेजरच्या दोन भूमिका असतात, एक मदत करणारा आणि दुसरी कोर्टाला किंवा प्रोबेशन ऑफिसला माहिती देणारा. समोरच्याला हे माहिती असतंच, आपण बोललो नाही तर तो गृहीत धरतो की हा खबरी आहे. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ सांगायचं. साधारण असं: "मी तुमच्या मदतीसाठी आहे आणि मला कोर्टाला रिपोर्टही द्यावा लागतो, दोन्ही खरंय. तुम्ही किती वेळा आलात, कोर्टाच्या अटी पाळल्या की नाही हे मी कळवतो. तुम्ही कोणाला इजा करणार असाल, स्वतःच्या जिवाचं काही करणार असाल किंवा लहान मुलाला धोका असेल तर तेही मला सांगावंच लागतं. ह्याशिवाय तुमच्या घरचं, मनातलं जे बोलाल ते इथेच राहील. आणि मी जे काही कळवणार असेन ते आधी तुम्हाला सांगेन, मागून नाही." काय काय कळवायचं ही यादी तुमच्या कायद्याप्रमाणे आणि कोर्टाच्या आदेशाप्रमाणे बदलेल, ती वकिलाकडून तपासून घ्या, पण ती सगळ्या स्टाफसाठी एकच पाहिजे. एक केस मॅनेजर सांगतो आणि दुसरा लपवतो असं झालं की दोघांवरचाही विश्वास जातो.

आणि अटी. संयुक्त राष्ट्रांचे टोकियो नियम म्हणून आहेत, १९९० मध्ये महासभेने मंजूर केलेले, तुरुंगाबाहेरच्या शिक्षांसाठीचे. त्यात स्पष्ट म्हटलंय की अटी व्यवहार्य, नेमक्या आणि शक्य तितक्या कमी असाव्यात. पण आपण कार्यक्रमाच्या नावाखाली स्वतःच्या अटी वाढवत जातो, अमुक ग्रुपला यायचंच, तमुक वर्कशॉप करायचंच, आणि मग माणूस त्यात अडकून अपयशी ठरतो. कोर्टाने घातलेल्या अटी आणि आपण सुचवलेल्या गोष्टी ह्या दोन वेगळ्या कागदांवर लिहून त्याच्या हातात द्या, त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा.

बोलताना अहो-जाहो करा. पन्नाशीच्या माणसाला केवळ तो शिक्षा भोगून आलाय म्हणून अरे-तुरे करणारा स्टाफ मी पाहिलाय आणि मला त्याचा राग येतो.

कोणाला किती मदत द्यायची

१९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक लेख आला आणि त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की पुनर्वसनाचा काही उपयोगच होत नाही. त्या एका गोष्टीमुळे बऱ्याच ठिकाणी कार्यक्रमांवरचा भरवसा उडाला. त्याला उत्तर द्यायचं बरंच काम कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी केलं, डोनाल्ड अँड्र्यूज आणि जेम्स बोन्टा ही त्यातली मुख्य नावं. १९९० पासून त्यांची जी मांडणी मानली जाते ती तीन प्रश्नांत सांगता येते. ह्या माणसाकडून परत गुन्हा घडायचा धोका किती आहे, जास्त धोका तर जास्त मदत. कोणत्या बदलता येण्यासारख्या गोष्टींमुळे तो धोका आहे, त्यावरच काम. आणि हा माणूस कसा शिकतो, त्या पद्धतीने शिकवायचं.

ऐकायला सोपं वाटतं पण पाळणं अवघड, कारण आपल्याला सोपे क्लायंट आवडतात. जो वेळेवर येतो, नीट बोलतो, ज्याचं घर आहे नोकरी आहे, त्याच्यावरच आपला वेळ जातो, आणि जो चिडतो, येत नाही, फोन उचलत नाही त्याची फाईल खाली सरकते. उलटं पाहिजे. कमी धोक्याच्या माणसाला उगाच आठवड्यातून तीनदा बोलावून त्याची नोकरी घालवू नका, आणि त्याला मुरलेल्या लोकांसोबत एकाच ग्रुपमध्ये बसवू नका, तो तिथून नवे मित्र घेऊन जातो. अशा मिसळण्याने नुकसान होतं हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

कशावर काम करायचं तर विचार करायची पद्धत, संगत, व्यसन, रागावर आणि घाईवर ताबा, घरातली नाती, काम किंवा शिक्षण, रिकामा वेळ. नुसता आत्मविश्वास वाढवायचे कार्यक्रम, प्रेरणादायी भाषणं ह्याने पुन्हा गुन्हा होण्यावर फारसा फरक पडत नाही. आणि तरुण मुलांना जेल दाखवायला नेऊन घाबरवायचं हा जो प्रकार अजूनही लोकप्रिय आहे तो कृपा करून करू नका, अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की काहीच न करण्यापेक्षाही त्याने जास्त नुकसान होतं, त्या मुलांकडून गुन्हे वाढतात.

धोका किती आणि कशामुळे हे बघायचा मूल्यमापनाचा फॉर्म भरला की तो फाईलमध्ये गाडला जातो ही जुनी तक्रार. फॉर्ममध्ये वर आलेल्या दोन किंवा तीन गोष्टी योजनेत आल्याच पाहिजेत असा नियम करा. योजनेत संगत आणि दारू असं वर आलंय आणि माणूस कॉम्प्युटर क्लासला जातोय, कारण कॉम्प्युटर क्लासमध्ये जागा होती, असं सर्रास चालतं.

आठवड्याची भेट

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात प्रोबेशन ऑफिसर आणि क्लायंटच्या भेटी रेकॉर्ड करून अभ्यासल्या गेल्या, २००८ मध्ये तो अभ्यास आला. त्यात दिसलं की बराच वेळ अटी पाळल्या का, सही केली का ह्यातच जातो, आणि जिथे तसा वेळ जास्त जात होता तिथे निकाल वाईट होते, तर जिथे गुन्ह्याकडे नेणाऱ्या गोष्टींवर बोलणं होत होतं तिथे बरे. म्हणून अटींची तपासणी पहिल्या पाच मिनिटांत उरका. मग मागच्या वेळी ठरवलेलं काय झालं ते विचारा, मग आजचा एकच विषय घ्या, त्यावर काहीतरी करून बघा, आणि पुढच्या भेटीपर्यंत करायची एक छोटी गोष्ट ठरवून उठा.

बोलायची पद्धत म्हणाल तर मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग स्टाफला शिकवाच, विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली. मूळ गोष्ट अशी की बदलायची कारणं आपण सांगायची नाहीत, त्याच्या तोंडून यायला हवीत. उदाहरण घ्या. क्लायंट म्हणतो, "मित्रांना भेटणं मी सोडणार नाही, लहानपणापासूनचे आहेत." आपण म्हणालो की अहो पण त्यांच्यामुळेच तर जेल झाली, तर तो मित्रांची बाजू घेणार, म्हणजे आपणच त्याला तिकडे ढकललं. त्याऐवजी म्हणा, "ते तुमच्यासाठी खूप जवळचे आहेत." मग थांबा. तो म्हणेल, "हो ना, पण केस झाली तेव्हा एकजण पण भेटायला आला नाही." आता विचारा, "त्याबद्दल काय वाटतं तुम्हाला?" इथून पुढे तोच बोलतो. ह्याला सराव लागतो, दोन दिवसांच्या वर्कशॉपने येत नाही, महिन्यातून एकदा तरी क्लायंटच्या परवानगीने भेट रेकॉर्ड करून सुपरवायझरसोबत ऐकावी लागते. स्टाफला हे सुरुवातीला फार अवघड जातं पण सुधारणा ह्यातूनच होते.

ग्रुप घेत असाल तर आठ-दहा जणांच्या वर जाऊ नका, आणि एकट्या माणसाने ग्रुप चालवू नका.

सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

२००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मरण्याचा धोका त्या राज्यातल्या बाकीच्या लोकांच्या तुलनेत जवळपास १२.७ पट निघाला, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण होतं ड्रग्जचा ओव्हरडोस. कारण समजून घ्या. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर माणूस पूर्वीचाच डोस घेतो आणि शरीर तो झेपवू शकत नाही. म्हणून अफूच्या जातीच्या नशेचा इतिहास असेल तर हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना सुटण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगा, नालोक्सोन हे अशा ओव्हरडोसवरचं औषध जिथे मिळतं तिथे ते हाताशी ठेवा आणि स्टाफला वापरायला शिकवा, आणि उपचार चालू असतील तर त्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

काम सुटण्याच्या दिवशी सुरू करायचं नसतं, काही आठवडे आधी आत जाऊन ओळख करून घ्यायची असते. तुम्ही कुठे उतरणार, तिथे कोण आहे, ते घ्यायला तयार आहेत का (क्लायंट हो म्हणतो, घरच्यांना फोन करून बघा), ओळखीचे कागद आहेत का, बँकेचं खातं, फोन, चालू औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी. ओळखपत्र नसलं की पुढचं सगळंच अडतं, घर भाड्याने मिळत नाही, नोकरी मिळत नाही, दवाखान्यात नाव लागत नाही, म्हणून सगळ्यात आधी ते. सुटायच्या दिवशी शक्य असेल तर केस मॅनेजर किंवा पीअर मेंटॉर गेटवर हजर पाहिजे, कारण कोणीच आलं नाही तर जुने मित्र येतात. पहिली भेट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, पहिल्या दोन आठवड्यांत रोज एक फोन तरी.

शुक्रवारी सुटणारा माणूस ही एक वेगळी अडचण आहे, सगळी ऑफिसं सोमवारी उघडणार. शनिवार-रविवारसाठी एक चालू फोन नंबर आणि रात्री राहायची एक जागा आपल्याकडे तयार असायलाच हवी.

घर, काम, उपचार

रात्री झोपायची जागा ठरलेली नसेल तर बाकी कोणतंही काउन्सेलिंग चालत नाही, हे मी पूर्ण खात्रीने सांगतो. घरमालकांशी बोलायला स्टाफमधला माणूस ठेवा, जो अडचण आली तर मालकाचा फोन उचलेल. मालकाला खरी भीती असते ती नंतर कोणी विचारणार नाही ह्याची.

नोकरीचंही तसंच. मालकाला काय सांगायचं आणि किती सांगायचं ह्याचा सराव करून घ्या, कायदा काय विचारू देतो आणि काय नाही ते आधी माहिती करून घ्या. खोटं बोलायला शिकवू नका, पण सगळी केस उलगडायचीही गरज नसते, दोन-तीन वाक्यं पुरतात: काय झालं, त्यानंतर मी काय केलं, आता मी हे काम का करू शकतो. आणि कृपा करून स्वतःच्या ऑफिसच्या वेळा बघा. कार्यक्रम सकाळी दहा ते पाच चालत असेल तर ज्याला नुकतीच नोकरी लागलीये त्याने दर आठवड्याला सुट्टी कशी घ्यायची? संध्याकाळी किंवा शनिवारी भेट ठेवता येत नसेल तर आपणच त्याची नोकरी घालवतोय.

उपचाराला पाठवताना चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या वेळी सोबत जा, तिथल्या माणसाशी ओळख करून द्या, तारीख ठरेपर्यंत थांबा. व्यसनात परत घसरण होणं हे उपचारात अपेक्षित असतं, ती लपवावी लागली तर ती वाढते, त्यामुळे कोर्टासोबत आधीच बोलून ठेवा की माणूस स्वतःहून सांगायला आला तर त्याकडे कसं बघायचं.

घरच्यांना सामील करून घेताना एक मोठी खबरदारी. गुन्हा घरातल्याच कोणावर झालेला असेल, मारहाण असेल, तर बायको-मुलांना एकत्र बसवायची घाई अजिबात नको, त्यांची सुरक्षा आधी, त्यांना वेगळा मदतनीस, आणि त्यांनी सांगितलेलं आपल्या क्लायंटपर्यंत कधीही जाता कामा नये. पीडित व्यक्तीला संपर्क करायचा की नाही हे तिनेच ठरवायचं.

बायकांसाठीचा कार्यक्रम म्हणजे पुरुषांच्या कार्यक्रमात दोन खुर्च्या वाढवणं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत, जे शिक्षा झालेल्या बायकांसाठीच आहेत, ह्यावर बरंच आहे. बऱ्याच जणींनी स्वतः अत्याचार भोगलेला असतो, मुलं सांभाळायची असतात, मुलांचा ताबा जायची भीती असते. वेगळा ग्रुप, बाई केस मॅनेजर मागता यायला हवी, आणि सेशन चालू असताना मुलं सांभाळायला कोणीतरी. हे शेवटचं नसेल तर त्या येणारच नाहीत आणि आपण लिहिणार की सहकार्य नाही.

पीअर मेंटॉर आणि स्वयंसेवक

जपानमध्ये हजारो नागरिक स्वयंसेवी प्रोबेशन ऑफिसर म्हणून काम करतात, त्यांना होगोशी म्हणतात, आपल्याच भागात राहणाऱ्या क्लायंटला ते महिन्यातून काही वेळा भेटतात. कॅनडात १९९४ पासून सर्कल्स म्हणून एक पद्धत सुरू झाली, लैंगिक गुन्ह्यांत मोठी शिक्षा भोगून आलेल्या, कोणीच नसलेल्या माणसाभोवती काही प्रशिक्षित स्वयंसेवक असतात, आधारही देतात आणि जाबही विचारतात, पाठीमागे व्यावसायिक लोक असतात. दोन्हीकडे स्वयंसेवक एकटा सोडलेला नाही हे लक्षात घ्या. टोकियो नियमांत स्वयंसेवकांची निवड काळजीपूर्वक करा, त्यांना ट्रेनिंग द्या, विमा काढा, केलेला खर्च परत द्या असं लिहिलेलं आहे, आणि नेमकं हेच राहून जातं.

पीअर मेंटॉरला पगार द्या. स्वतःची गोष्ट सांगायला बोलवायचं आणि शाल-नारळ देऊन पाठवायचं हे बरोबर नाही. त्याला पण सुपरवायझर पाहिजे, कारण दुसऱ्याची घसरण जवळून बघताना त्याचीही जखम उघडी होते. कोणाला पैसे उसने द्यायचे नाहीत, रात्री घरी न्यायचं नाही, ह्या मर्यादा लेखी द्या.

अटी मोडल्या तर

मोडणारच. आधी ठरवा की कोणत्या गोष्टीला काय उत्तर, आणि ते क्लायंटला पहिल्या दिवशी दाखवा. एक भेट चुकली तर त्याच दिवशी फोन, दुसरी चुकली तर घरी जाऊन बघणं, मग सुपरवायझरसोबत बैठक, मग कोर्टाला कळवणं. कोणाच्या जिवाला धोका असेल तिथे मात्र पायऱ्या नाहीत, लगेच कळवायचं. टोकियो नियमही सांगतात की अशी शिक्षा अपयशी ठरली म्हणून आपोआप तुरुंग असं होऊ नये. उत्तर लवकर आणि सगळ्यांना सारखं असलं पाहिजे, खूप कडक असायची गरज नाही. आणि चांगलं काही केलं तर त्याची नोंदही तितक्याच तत्परतेने घ्या, रिपोर्टमध्ये लिहा, कोर्टात वाचून दाखवा. बऱ्याच जणांनी स्वतःबद्दल सरकारी कागदावर चांगलं वाक्य कधीच पाहिलेलं नसतं.

स्टाफला सांभाळा

केस मॅनेजरकडे किती क्लायंट असावेत ह्याचा एकच आकडा सगळीकडे लागू होत नाही, ते धोक्यावर आणि घरभेटींच्या अंतरावर अवलंबून असतं. हिशोब असा करा: जास्त धोक्याच्या प्रत्येक माणसाला आठवड्याला भेट, प्रवास, फोन, नोंदी आणि बाहेरच्या लोकांशी बोलणं मिळून किती तास लागतात ते दोन-तीन आठवडे खरं लिहून काढा, आणि त्यावरून आकडा ठरवा. तो आकडा ओलांडला की नवीन केस घ्यायची नाही, फंड देणाऱ्याला तसं सांगायचं. हे सांगायला धाडस लागतं, पण साठ-सत्तर फाईली डोक्यावर असलेला माणूस केस मॅनेजर नसतो, तो सह्या घेणारा होतो.

सुपरव्हिजन आठवड्याला किंवा निदान पंधरवड्याला, ठरलेल्या वेळी, आणि त्यात फक्त फाईली तपासायच्या नाहीत, ह्या केसचा तुमच्यावर काय परिणाम होतोय हेही विचारायचं. रोज हिंसेच्या गोष्टी ऐकून झोप उडते, चिडचिड होते, किंवा काहीच वाटेनासं होतं, हे तिसरं सगळ्यात धोक्याचं. घरभेटीला कुठे चाललो हे ऑफिसला कळवायचं, ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर काय करायचं हे लिहिलेलं पाहिजे, आणि नवख्याने पहिल्या भेटी जोडीनेच करायच्या.

आणि स्टाफ सोडून जातो तेव्हा. क्लायंटला एक दिवस येऊन कळतं की तुमचे सर गेले, आता ह्यांना भेटा. ज्याला आयुष्यभर लोक असेच सोडून गेलेत त्याच्यासाठी हे फार वाईट असतं. नोटिस मिळाल्याबरोबर क्लायंटला सांगायचं, जुना आणि नवा केस मॅनेजर आणि क्लायंट अशी तिघांची निदान एक बैठक, आणि काय काम झालं, काय बाकी आहे हे क्लायंटसमोर बोलायचं.

नोंदी, मोजणी आणि फाईल बंद करणं

नोंद अशी लिहा की उद्या क्लायंटने मागितली तर दाखवता येईल. उद्धट, खोटारडा असे शब्द नकोत, काय झालं ते लिहा. फाईल कुलपात, कॉम्प्युटरवर असेल तर कोण उघडू शकतं ह्याची यादी, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्लायंटचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही, यशोगाथा म्हणून सुद्धा नाही, त्याने हो म्हटलं तरी विचार करा की आपल्याला नाही म्हणायची त्याला मोकळीक होती का.

यश मोजताना फक्त कार्यक्रम पूर्ण केलेल्यांचा आकडा दाखवायचा मोह होतो. जे मध्येच सोडून जातात त्यांचेच निकाल सहसा सगळ्यात वाईट असतात, त्यांना वगळलं की आपण छान दिसतो आणि काहीच शिकत नाही. सुरू केलेल्या सगळ्यांना मोजा. परत अटक झाली का हे तर बघाच, पण त्यासोबत राहायला पक्की जागा आहे का, काम किती महिने टिकलं, उपचार चालू आहेत का, आणि गुन्हा झालाच तर पूर्वीपेक्षा कमी गंभीर आणि जास्त अंतराने झाला का हेही लिहा, कारण माणसं एका दिवसात थांबत नाहीत.

मुदत संपली म्हणून एकदम भेटी बंद करू नका. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत भेटी विरळ करत आणा, आठवड्यावरून पंधरवडा, मग महिना. शेवटच्या भेटीत दोघांनी बसून एक कागद लिहा: कोणत्या गोष्टी दिसल्या की धोका वाढतोय असं समजायचं, तेव्हा कोणाला फोन करायचा, कुठे जायचं नाही. एक प्रत त्याच्याकडे, एक त्याने निवडलेल्या माणसाकडे. नंतरच्या वर्षभरात दर काही महिन्यांनी एक फोन करायचा की नाही हे त्यालाच विचारा, हो म्हणाला तर फोन करणाऱ्याचं नाव आणि तारखा त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका, आणि कोर्टाची मुदत संपलेला माणूस स्वतःहून परत आला तर त्याला नवीन रेफरल (पाठवल्याची चिठ्ठी) आणायला न लावता लगेच बसवून घ्यायचं हे रिसेप्शनवरच्या माणसाला सुद्धा माहिती असू द्या.